गंगाधर आणि विजय साळगावकर

'शक्तिमान' मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र म्हणजे गंगाधर. आणि 'दृश्यम' बघताना पोटात गोळा येतो तो विजय साळगावकर नावाचा एक बाप आपल्या लहान मुलीला समोर बसवून खोटं कसं बोलायचं ते शिकवतो तेव्हा. खुनाच्या प्रसंगातसुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.

ही दोन्ही मतं बरीच वर्षं मनात आहेत. एक मालिका मुलांसाठी केलेली, दुसरा चित्रपट मोठ्यांचा. एकीत माणूस आभाळात उडतो, दुसऱ्यात माणूस केबलच्या वायरी ओढतो. तरी मला या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाटतात. ज्याच्याकडं चारचौघांत कुणी नीट वळून बघत नाही, अशा साध्या माणसाच्या. 'दृश्यम' ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहून यावं, कारण पुढं मी त्यातलं सगळं सांगणार आहे.

'शक्तिमान' 13 सप्टेंबर 1997 ला दूरदर्शनवर सुरू झाली आणि मार्च 2005 पर्यंत चालली. पुढं ती रविवारी दुपारी बाराला लागायची, आणि रविवारी शेतात भाकरी पोचवायचं काम माझ्याकडं असायचं. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. टीव्ही शेजारच्या काकूंच्या घरी, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. अँटेना माळवदावर. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एकानं माळवदावर चढायचं, एकानं अंगणात उभं राहायचं आणि एकानं टीव्हीसमोरून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! आणखी जरा परभणीकडं फिरव!" अंगणातल्यानं ते वर पोचवायचं. असं करता करता निम्मा भाग निघून जायचा. शक्तिमानचा पोशाख तांबडा-सोनेरी आहे हे मला वहीवर चिकटवायच्या चित्रांतून कळलं.

मालिकेतला दुष्ट कोण, तर तमराज किलविश. त्याला सोनं नको, राज्य नको, कुणाची मुलगी नको. त्याला फक्त अंधार टिकून राहायला हवा. "अंधेरा कायम रहे" हे त्याचं वाक्य. मुंबईच्या मुलांना ते नुसतं नाटकी वाटलं असेल. आमच्याकडं तो रोजच्या संध्याकाळचा अनुभव होता. पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण आमच्यापासून लांब नाही, तिथं वीज तयार होते, आणि तरी दिवेलागणीच्या वेळेला नेमकी लाईट जायची. लाईट गेली की साऱ्या आळीतली पोरं एकदम ओरडायची, "अंधेरा कायम रहे!" आज्जी कंदिलाची काच पुसता पुसता रागवायची, "तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये रे, लक्ष्मी यायची वेळ हाय." किलविशला लेखकानं अंधाराखेरीज दुसरा कसलाही लोभ दिला नाही, हे मला आजही त्या मालिकेतलं फार नेमकं लेखन वाटतं. अंधारात अभ्यास होत नाही, अंधारात बाया शौचाला जायला भितात, अंधारात शेताला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावतो. हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

आज्जीची अडचण मात्र वेगळीच होती. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना हे तिच्या लेखी महाभारत मालिकेतले भीष्म होते आणि किलविश झालेले सुरेंद्र पाल हे द्रोणाचार्य. "ही दोघं तर एकाच बाजूची होती की गं!" असं ती दर वेळी म्हणायची. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता गंगाधर. पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. दात पुढं, डोळ्यांवर चष्मा, भांग चपचपीत, 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात फोटोग्राफर. कुणी यावं आणि त्याला टपली मारून जावं. संकट आलं की हा जागेवरून नाहीसा होतो, म्हणून लोक त्याला भित्राही समजतात. आणि हाच माणूस पंचमहाभूतांची शक्ती घेऊन उभा आहे, सात चक्रं जागी झालेला योगी आहे. हे त्या कार्यालयात कुणालाही ठाऊक नाही.

लहानपणी आम्हाला गिरक्या घेणारा शक्तिमान हवा असायचा. मोठेपणी परत पाहिली तेव्हा माझं सगळं लक्ष गंगाधरकडं गेलं. शक्तिमानच्या वेषात मुकेश खन्ना ताठ उभे राहतात आणि उपदेश करतात. गंगाधर झाले की त्यांचे हात सुटतात, मान डुलते, जीभ मोकळी होते. अंगात एवढं बळ असताना चारचौघांचं हसणं रोज सहन करायचं आणि एकदाही तोल जाऊ द्यायचा नाही, हे उडण्यापेक्षा अवघड आहे. मालिकेनं ते कधी बोलून दाखवलं नाही. ते गंगाधरच्या त्या ओशाळ्या हसण्यात होतं.

मालिकेतली बातमीदार गीता विश्वास, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आधी किटू गिडवानी आणि मग बरीच वर्षं वैष्णवी महंत यांनी ती भूमिका केली. नोकरी करणाऱ्या बायका म्हणजे शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्सबाई आणि अंगणवाडीची ताई, एवढंच आमच्या गावाला माहीत होतं. गीता मात्र घराबाहेर पडून मोठमोठ्या माणसांना प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरं द्यावी लागायची. असंही काम असतं हे मला तिच्यामुळं कळलं. म्हणूनच तिला इतक्यांदा बांधून ठेवलेलं, पळवून नेलेलं आणि शक्तिमाननं सोडवलेलं बघताना मला राग यायचा. तो राग अजून गेलेला नाही. इतकी चांगली बातमीदार हाताशी असताना लेखकांनी तिचा उपयोग बहुतेक वेळा ओरडण्यापुरता केला.

बाकीच्या दोषांवर फार वेळ घालवत नाही. गोष्ट ताणली जायची, एक राक्षस संपला की तसाच दुसरा यायचा, उडण्याची दृश्यं त्या काळाच्या मानानंही कच्ची होती. हे सगळं खरं आहे आणि तरी आमची पिढी ती मालिका विसरली नाही.

त्याचं एक कारण प्रत्येक भागाच्या शेवटी असायचं. 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. एखादं मूल खोटं बोललेलं असायचं, कुणी शेजाऱ्याची वस्तू उचललेली असायची, कुणी पाण्याचा नळ उघडा टाकलेला असायचा. शक्तिमान तिथं येऊन उभा राहायचा, समजावून सांगायचा, आणि मूल "सॉरी शक्तिमान" म्हणायचं. हे सगळं भाबडं आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळं मला त्यात वेगळं दिसतं. आमच्या लहानपणी चूक कबूल केली की पाठीवर छडी बसायची, म्हणून कुणी कबूल करत नसे. इथं जगातला सगळ्यात ताकदवान माणूस मुलासमोर उभा असायचा, त्याला मुलाचं खोटं ठाऊक असायचं आणि तो हात उचलायचा नाही. खरं बोललं तर मार बसत नाही, हे आम्ही पहिल्यांदा तिथं पाहिलं. शक्तिमानची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या त्या काळात आल्या होत्या, आणि मुकेश खन्ना पडद्यावर येऊन असं करू नका म्हणून मुलांना सांगायचे. आमच्याकडंही माळवदावरून उडी मारायच्या पैजा लागायच्या. ती काळजी खरीच होती. पण मुलं त्याचं ऐकायची, ती त्याच्या उडण्यामुळं नव्हे. तो मारत नाही हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या शिक्षणासाठी मी मामाकडं जिंतूरला आले. तिथं केबल होती, आणि केबलबरोबर केबलवाले भाऊ होते. त्यांची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. माळवदावर मोठ्या छत्र्या, खाली लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेले रिसीव्हर, त्यांचे लाल दिवे, आणि खोलीभर तापलेल्या वायरींचा वास. पंखा एकच होता आणि त्याचं तोंड मशीनकडं असायचं. भाऊ घामाघूम होऊन बाजूला बसायचे. रात्री लोकल चॅनलवर चित्रपट लागायचा. व्हीसीडीच्या दोन डिस्क असायच्या, त्यामुळं मध्यंतराला दुसरी घालायला जागं राहावं लागायचं. म्हणून भाऊंनी सगळे चित्रपट पाहिलेले. पडद्याच्या खालच्या पट्टीवर जाहिराती सरकायच्या: कापडाचं दुकान, बी-बियाणं, दातांचा दवाखाना, आणि मधेच कुणाच्या तरी दशक्रियेची सूचना.

या माणसाला सगळं गाव आतून ठाऊक होतं. कुणाचा टीव्ही माजघरात आहे, कुणाचा बैठकीत. कुणाकडं या महिन्यात पैसे नाहीत. कुणाची मुलगी दहावीला गेली, कारण दहावीचं वर्ष आलं की घरातून पहिला निरोप भाऊंना जायचा, "वर्षभर केबल काढून टाका." सुनेनं कुठली मालिका बघायची यावरून कुठल्या घरात भांडण झालं हेही त्यांना कळायचं. आणि ते खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन दारात उभे असले, तर कुणी मान वर करून त्यांच्याकडं बघायचं नाही. पाणी विचारायचं तर राहूच द्या.

त्यामुळं 'दृश्यम'मध्ये केबलवाला नायक आला तेव्हा मला त्याच्यावर विश्वास ठेवायला एक क्षणही लागला नाही.

मूळ 'दृश्यम' मल्याळम, जितू जोसेफ यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, डिसेंबर 2013 चा. नायक जॉर्जकुट्टी म्हणजे मोहनलाल. त्यानंतर तो कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, पुढं सिंहली आणि चिनी भाषेतही झाला. हिंदीतला 31 जुलै 2015 ला आला, आणि तो आपल्या निशिकांत कामत यांनी केला. गोव्यातल्या पोंडोले गावचा अनाथ, चौथी नापास विजय साळगावकर केबलचा धंदा करतो आणि रात्र रात्र आपल्या ऑफिसात बसून चित्रपट बघतो. त्याचं सगळं शिक्षण तिथलं. पोलिसांनी धरून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं आणायला लावणारा हेबियस कॉर्पस नावाचा अर्ज कायद्यात असतो हेही त्याला चित्रपटातूनच कळलेलं असतं.

पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुखचा मुलगा सॅम विजयच्या मोठ्या मुलीचं, अंजूचं, आंघोळ करतानाचं चित्रीकरण करतो आणि तिला धमकावत तिच्या घरापर्यंत येतो. झटापटीत अंजूच्या हातून तो मरतो. विजय त्या वेळी घरी नसतो. मायलेकी त्याला परसातल्या खतासाठी खणलेल्या खड्ड्यात पुरतात. खून कुणी केला, कसा केला, हे आपल्याला चित्रपटाच्या पूर्वार्धातच कळून चुकतं. पुढचा सगळा ताण एकाच गोष्टीचा आहे: हे चौघं टिकतील का.

विजय जे करतो ते मला आजवर पाहिलेल्या रहस्यपटांमधलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. तो एकाही साक्षीदाराला पैसे देत नाही, एकालाही धमकावत नाही. तो बायकापोरींना घेऊन पणजीला जातो, सत्संगाला जातो, हॉटेलात राहतो, चित्रपट बघतो, खानावळीत जेवतो आणि प्रत्येक ठिकाणची पावती जपून ठेवतो. मग पुन्हा जाऊन त्याच माणसांना भेटतो आणि बोलता बोलता 2 ऑक्टोबरचा, म्हणजे सॅम मेला त्या दिवसाचा, उल्लेख करतो. बसचा कंडक्टर, हॉटेलचा मॅनेजर, चित्रपट दाखवणारा ऑपरेटर, सगळे पुढं पोलिसांना जे सांगतात ते मनापासून खरं समजून सांगतात. माणसं खरी, भेट खरी, पावत्या खऱ्या. फक्त तारीख त्यानं बसवलेली.

हे शक्य आहे का, असं मला शहरातल्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं. आमच्याकडं राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आमच्या आबांना एकदा बांधाच्या भांडणात साक्षीला बोलावलं होतं. वकील सारखा तारीख विचारत होता. आबा म्हणाले, "तारीख मला कशाला विचारायलाव? पोळ्याची कर होती, सांजच्याला बैलं सोडून मी येत होतो, तवा हे दोघं बांधावर उभे होते." वकिलानं कॅलेंडर काढलं आणि पोळ्यावरून तारीख लावली. आबांनी पाहिलेलं सगळं खरं होतं, तारीख मात्र वकिलाची होती. ती एका दिवसानं चुकली असती तरी आबांनी मान डोलावलीच असती.

आमच्याकडं आठवणी अशाच खुंटीला टांगलेल्या असतात. बहात्तरच्या दुष्काळात कोण कुठल्या कामावर खडी फोडायला होतं ते म्हातारी माणसं सांगतात. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. ती रात्र मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात विचारा, कोण कुठं झोपलं होतं, कुणी कुणाला उठवलं, कुणी लेकराला उचलून अंगणात धाव घेतली, हे आजही जसंच्या तसं सांगतील. आणि त्याच्या आठ दिवस अलीकडचं किंवा पलीकडचं विचारलं तर कुणाला काही सांगता येणार नाही. सण, दुष्काळ, भूकंप, लग्न, मौत, एवढ्याच खुंट्या. मधले दिवस कुणीही कुठंही टांगावेत. विजयला हे कळलेलं आहे. आणि त्याला जी तारीख बसवायची होती तीही सुट्टीची, सगळ्यांच्या ध्यानात राहणारी. मल्याळममध्ये ही तारीख 2 ऑगस्ट आहे. हिंदीत ती 2 ऑक्टोबर झाली आणि खोटं थेट गांधीजयंतीवर येऊन बसलं. हा बदल मला फार धाडसाचा वाटतो. आता दर वर्षी त्या दिवशी मोबाईलवर पणजीच्या सत्संगाचे विनोद फिरतात, पण त्या तारखेमागचा काटा बोचायला हवा तसा बोचत नाही.

निशिकांत कामत यांच्याकडं हा चित्रपट गेला हे चांगलं झालं. 'डोंबिवली फास्ट'मधला बँकेत नोकरी करणारा माधव आपटे ज्यांना आठवतो त्यांना कळेल की साधा माणूस कुठल्या क्षणी कड ओलांडतो यात या दिग्दर्शकाचं मन गुंतलेलं होतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आणखी कितीतरी काम त्यांच्या हातून व्हायचं होतं.

पण दोन्ही चित्रपटांत निवड करायची झाली तर मी मल्याळम निवडेन. अजय देवगण यांनी डोळ्यांनी फार चांगलं काम केलंय, हे मान्यच. अडचण अशी की ते मार खात असताना प्रेक्षकाला आतून माहीत असतं, या माणसानं मनात आणलं तर समोरच्याला एका हातानं उचलून आपटेल. मोहनलाल मार खातात तेव्हा लुंगी नेसलेला, पोट सुटलेला एक संसारी माणूस मार खात असतो आणि त्याला खरंच दुसरा इलाज नसतो. मोहनलाल काही लहान नट नव्हेत, त्यांच्या राज्यात ते देवगणांपेक्षा मोठेच. तरी त्यांनी आपला मोठेपणा इतका पुसून टाकला की गंगाधरची आठवण व्हावी. हिंदीला झुकतं माप द्यायचं तर ते तब्बू यांच्यासाठी. मीरा देशमुख खुर्चीवर बसलेली असते तेव्हा अधिकारी असते आणि खुर्चीवरून उठताना आई होते. तिचा मुलगा कसाही असो, तो तिला सापडलेला नाही. ती चुकीच्या वाटेला गेली तरी तिचं दुःख खोटं नाही.

आता तो प्रसंग. विजय बायको आणि दोन्ही मुलींना समोर बसवतो. पोलीस काय विचारतील, कुठल्या शब्दांत विचारतील, आपण काय सांगायचं, किती सांगायचं. धाकटी अनू अजून लहान आहे. तिला सगळं ठाऊक आहे आणि ते ठाऊक नसल्यासारखं तिला वागायचं आहे. बाप तिच्याशी मायेनं बोलतो, आवाज चढवत नाही. खरं बोल असं ज्या आवाजात आपण मुलांना सांगतो, त्याच आवाजात तो तिला खोटं शिकवतो. मी बाई म्हणून वर्गात उभी राहते, त्यामुळं मला ते बघवत नाही. आणि तरी मी त्याच्या बाजूनंच असते. दर वेळी.

कारण दुसऱ्या बाजूला गायतोंडे हा पोलीस आहे. कमलेश सावंत यांनी तो इतका ओंगळ उभा केलाय की त्याच्या नुसत्या चालण्याची भीती वाटते. तो त्या लहान मुलीवर हात उचलतो आणि वर्दीतली मोठी माणसं ते होऊ देतात. मार बसल्यावर अनू खड्ड्याची जागा दाखवते, आणि खणल्यावर तिथं जनावराचं कलेवर निघतं, कारण बापानं मुलगी कधी ना कधी मोडणार हे आधीच धरलेलं असतं. इथं मला श्वास घेता आला नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते त्या युक्तीला. माझ्या डोक्यात ती मुलगी होती, जिनं खरं सांगितलं आणि सगळ्या गावासमोर ती खोटी ठरली.

'शक्तिमान'मध्ये ताकदवान माणूस मुलावर हात उचलत नाही, म्हणून मूल खरं बोलतं. इथं ताकदवान माणूस मुलीला मारून खरं वदवून घेतो आणि ते खरं त्याच्या हाती लागत नाही. दोन्हीकडं साध्या वेषातला माणूस घरच्यांना वाचवायला उभा आहे. गंगाधरला स्वतःपुरतंच खोटं जगायचं होतं. विजयला ते लेकरांच्या तोंडी द्यावं लागतं.

आठवीच्या वर्गात मी एकदा हा विषय काढला. 'दृश्यम' सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला होता. विजयनं केलं ते बरोबर का, एवढंच विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "बाई, त्यानं पोलिसात जायचं म्हणलं तरी पोलीस कुणाचे? त्या पोराच्या मायचेच की." एका मुलाचं म्हणणं होतं की लहान पोरीला यात घ्यायलाच नको होतं, तिला मावशीकडं पाठवून द्यायचं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि दुसऱ्या एका मुलीनं हळूच विचारलं, "बाई, अंजूनं आधी बापाला का नाही सांगितलं?"

हा प्रश्न समीक्षकांच्या लिहिण्यात मला कुठं सापडला नव्हता. अंजू आईला सांगते. विजय गावभरच्या माणसांना सल्ले देतो, घरी हसतखेळत वागतो, मुलींवर जीव टाकतो, आणि तरी मुलीची जीभ त्याच्यासमोर उचलत नाही. परभणी आणि बीड हे बालविवाहांसाठी ओळखले जाणारे जिल्हे आहेत. असा एखादा व्हिडिओ निघाला असं नुसतं कानावर आलं तरी इथं आधी मुलीची शाळा सुटते, मग मोबाईल जातो, मग स्थळं बघायला सुरुवात होते. व्हिडिओ काढणारा मात्र चौकात उभा असतो. वर्गातल्या मुलींना अंजूची भीती समजावून सांगावी लागली नाही. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि तास त्याच बोलण्यात गेला. मुलगेही बसून ऐकत होते.

दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात लिहिते. हिंदीतला 'दृश्यम 2' 18 नोव्हेंबर 2022 ला आला, दिग्दर्शक अभिषेक पाठक. विजय आता चित्रपटगृहाचा मालक आहे, चित्रपट काढायच्या तयारीत आहे. पुढं काय होणार, कोण काय शोधणार, हाडांची तपासणी कुठं होणार, हे सगळं त्यानं वर्षांआधी ताडून ठेवलेलं असतं. बघताना मजा येते, अक्षय खन्ना छान काम करतात. पण माझा केबलवाला त्यात हरवला. पहिल्या भागातला विजय घाबरलेला होता, त्याचे हात थरथरत होते, त्याच्या युक्त्या फसू शकत होत्या. दुसऱ्या भागातला विजय सर्वज्ञ आहे. तो शक्तिमान झालाय, आणि गंगाधर कुठं उरलाच नाही. त्या चित्रपटात मला खरी वाटली ती अंजू. तिला झटके येतात, पोलिसांची गाडी दिसली तरी ती हादरते. बापानं पोलिसांना हरवलं, पण लेकीचं शरीर ती रात्र विसरलेलं नाही. लेखकानं इथंच थांबून राहायला हवं होतं. तो युक्त्यांकडं वळला.

पुढची गोष्ट अनूच्या बाजूनं सांगावी असं मला मनापासून वाटतं. बाकी सगळ्या गावाची, कंडक्टरची, हॉटेलवाल्याची, ऑपरेटरची आठवण बदलता आली. तिची आली नाही. खरी तारीख आणि खरी जागा तिला ठाऊक होती, तिनं ती सांगितलीही, आणि त्यानंतर शाळेत, बाजारात, लग्नकार्यात तिला पुन्हा पुन्हा दुसरीच तारीख सांगावी लागली असेल. ती आता मोठी झाली असेल. कुणाशी तरी तिची मैत्री होईल, लग्न ठरेल. त्या माणसाला ती काय सांगते, किती सांगते, आणि सांगायच्या आधी बापाला विचारते का, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहील. त्यात एकही युक्ती नको, एकही खड्डा खणायला नको. असा चित्रपट आला तर मी पहिल्या दिवशी जाईन, आणि माझ्या आठवीतल्या मुलींनाही आईबापांना घेऊन जा म्हणून सांगेन.